कुरळे, दाट केस आणि अर्धवट बाटल्यांचा कप्पा : या चुका टाळा

कुरळे केस असलेल्या प्रत्येकीच्या घरात अर्ध्या वापरून सोडलेल्या बाटल्यांचा एक कप्पा असतो. प्रत्येक बाटलीवर एकच शिक्का : "मला सूट झालं नाही." असे बरेच कप्पे मी उघडून पाहिलेत आणि त्यातल्या निम्म्या बाटल्या निर्दोष होत्या असं माझं ठाम मत आहे. कंडिशनर कोरड्या केसांवर चोपडलेलं असतं, जेल अर्धवट वाळलेल्या केसांवर लावलेलं असतं, क्रीम भलत्याच जाडीच्या केसांसाठी आणलेलं असतं. शिक्षा मात्र बाटलीला होते आणि पुढची बाटली येते.

"दाट कुरळ्या केसांसाठी एक चांगलं नाव सांग" असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, सध्याचं कसं लावतेस? यावर बहुतेक जणी गप्प होतात. त्यांना नाव हवं असतं, तेही आजच्या आज.

वेटोळ्याचा नंबर बघून खरेदी

तीन-अ, तीन-ब, चार-अ. हेअरस्टायलिस्ट आंद्रे वॉकर यांनी १९९०च्या दशकात केसांची ही वर्गवारी मांडली आणि पुढे इतरांनी तिच्यात भर घातली. वेटोळं किती घट्ट आहे, एवढंच त्या नंबरावरून कळतं. त्या केसाला हलकं लोशन लागेल की जड क्रीम, हे त्यातून कळत नाही. तरी लोक रक्तगट सांगावा तसा नंबर सांगतात आणि त्यावर खरेदी करून मोकळे होतात.

नंबरापेक्षा एकेका केसाची जाडी आधी बघा. गळलेला एक केस अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून फिरवा. बोटांना जवळजवळ जाणवलाच नाही तर केस बारीक. तारेसारखा स्पष्ट लागला तर जाड. डोक्यावर केस किती आहेत, हा प्रश्न निराळा. "माझे केस फार दाट आहेत" म्हणणाऱ्या कितीतरी जणींचा एकेक केस बारीक असतो, फक्त संख्या भरपूर असते. त्या शिया बटरचे (लोण्यासारख्या जड, स्निग्ध पदार्थाचे) डबे आणतात. दुपारपर्यंत मुळाशी केस चप्पट, टोकाला बटा ओघळलेल्या. मग "माझे कर्ल्स गेले" अशी रड सुरू होते. कर्ल्स कुठे जात नाहीत, वजनाखाली दबलेले असतात. अशा केसांना पातळ लीव्ह-इन (न धुता केसातच ठेवायचं कंडिशनर) आणि बऱ्यापैकी पकड असलेलं जेल पुरतं. केस खरोखर जाड असेल तरच जेलच्या आधी क्रीमचा थर द्यावा.

दुसरी गोष्ट बघायची ती टोकांची अवस्था. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे चाळीस सेंटिमीटर लांब केसांचं टोक जवळपास तीन वर्षांचं असतं. तेवढ्या काळातलं ऊन, रंग, इस्त्री, ओढाताण सगळं त्याने सोसलेलं असतं. मुळाशी मात्र कोरा केस असतो. म्हणून शाम्पू टाळूला आणि कंडिशनर टोकांना. दोन्ही सगळीकडे फासून "प्रॉडक्ट तेलकट आहे" म्हणू नका.

आणि केस पाणी किती शोषतो हे ठरवायला ग्लासभर पाण्यात केस टाकून तो बुडतो की तरंगतो हे बघत बसू नका. पाण्याच्या पृष्ठताणामुळे आणि केसावरच्या तेलामुळे तो तसाही तरंगू शकतो. केस भिजायला आणि वाळायला किती वेळ लागतो, ते अंघोळीच्या वेळी बघा. ग्लासापेक्षा त्यातून जास्त कळतं.

नाव वाचून बहिष्कार

ही चूक माझ्या डोक्यात जाते.

माझ्या मामेबहिणीने कुठूनतरी निषिद्ध शब्दांची यादी मिळवली : सल्फेट, सिलिकॉन, अल्कोहोल. यादी घेऊन ती कपाटापुढे बसली. पहिला बळी गेला तो तिच्याकडच्या सर्वांत चांगल्या कंडिशनरचा. त्यात बेहेन्ट्रिमोनियम मेथोसल्फेट होतं आणि सिटिअरिल अल्कोहोल होतं. दोन्ही नावं यादीतल्या शब्दांना जुळली, बाटली बाद. प्रत्यक्षात पहिलं रसायन केस मऊ करतं, गुंता सोडवतं आणि फेस करणाऱ्या सल्फेटसारखं तेल धुऊन काढत नाही. दुसरं मेणासारखं स्निग्ध अल्कोहोल आहे. सिटाइल, सिटिअरिल आणि स्टिअरिल अल्कोहोलमुळेच कंडिशनरला तो दाट मऊपणा येतो. केस कोरडे करतात ती पटकन उडून जाणारी अल्कोहोलं, म्हणजे अल्कोहोल डिनॅट किंवा आयसोप्रोपिल. तीही बाटलीवरच्या घटकांच्या यादीत वरच्या बाजूला असतील तरच काळजी करायची.

मग तिने शाम्पूच बंद केला. फक्त कंडिशनरने डोकं धुवायचं. पहिले काही आठवडे केस झकास दिसले आणि तिने मलाच चार उपदेश ऐकवले. पण एक सीरम बहिष्कारातून वाचलं होतं, कारण बाटलीवर फूल छापलेलं होतं आणि "नैसर्गिक" लिहिलेलं होतं. ते ती रोज लावायची. मागच्या बाजूला यादीत पहिलं सायक्लोपेंटासिलोक्सेन, दुसरं डायमेथिकोनॉल, दोन्ही सिलिकॉनच. पहिलं उडून जातं. दुसरं केसावर पातळ थर करून बसतं, पाण्यात विरघळत नाही आणि नुसत्या कंडिशनरला सहज दाद देत नाही.

थर चढत गेले. बटा जड झाल्या, स्पर्श मेणचट झाला, नळाखाली केस धरले तर पाणी वरून ओघळायचं. तिने निदान केलं : केस कोरडे पडलेत. म्हणून वर बटर. टाळू खाजायला लागली म्हणून वर तेल. शेवटी माझ्याकडे आली तेव्हा केस धुतलेले असूनही आठवडाभर न धुतल्यासारखे दिसत होते आणि ती "ताई, आता एखादा डीप मॉइश्चर मास्क सांग" म्हणत होती.

मी तिच्या हातात घरातला साधा, भरपूर फेस येणारा सल्फेटवाला शाम्पू दिला. ती अशी मागे सरकली जसं काही मी ॲसिड दिलंय. दोनदा धुवायला लावलं, नंतर टोकांना भरपूर कंडिशनर, आणि ओल्या केसांवर जेल. संध्याकाळी बटा परत उसळल्या होत्या. यावर तिची प्रतिक्रिया : "मग हाच रोज लावू का?" नाही! रोज लावलास तर टोकं खरखरीत होतील. रोजच्यासाठी सौम्य शाम्पू, म्हणजे ज्यात कोकामिडोप्रोपिल बिटेन किंवा सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट यांसारखे घटक वरच्या बाजूला आहेत, आणि जोरदार धुणं अधूनमधून. मी महिन्यातून एकदा करते. सिलिकॉन अजिबात वापरत नसाल तर त्याहून कमी चालेल.

सिलिकॉन वाईट नाही. गुंता सोडवणं आणि घर्षण कमी करणं त्याला चांगलं जमतं. फक्त चढवताय तर उतरवायची सोयही करा. हे एवढं साधं आहे, पण बंदीची यादी पाठ करणं लोकांना सोपं वाटतं.

बाटलीवरची घटकांची यादी वाचायचीच असेल तर क्रम वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. मात्र एक टक्क्यापेक्षा कमी असलेले घटक शेवटी कुठल्याही क्रमाने लिहायची मुभा असते. मी आधी फिनॉक्सिइथेनॉल शोधते. हे टिकवणारं रसायन सहसा एक टक्क्यापर्यंतच घालतात, त्यामुळे त्याच्या खाली आलेलं आर्गन तेल किंवा रेशीम-प्रोटीन नाममात्र असतं, समोर कितीही मोठ्या अक्षरात छापलेलं असलं तरी.

पाच नव्या बाटल्या एकदम

कंपन्या सेट विकतात, कारण पाच बाटल्या विकणं हा त्यांचा धंदा आहे. जेलला शाम्पू कुणाचा होता हे कळत नसतं. एकाच वेळी शाम्पू, मास्क, लीव्ह-इन, क्रीम, जेल सगळं बदललं आणि केस राठ झाले, तर दोष कोणाचा? सांगताच येत नाही. मग सगळा सेट कप्प्यात जातो, त्यातली चांगली बाटलीही.

एका मैत्रिणीच्या सेटमध्ये मास्कमध्ये हायड्रोलाइझ्ड केरॅटिन (हेही प्रोटीनच) होतं, लीव्ह-इनमध्ये गव्हाचं प्रोटीन, जेलमध्ये रेशमाचं. तिचे केस ना रंगवलेले ना ब्लीच केलेले. झिजलेल्या केसाला प्रोटीनचा आधार मिळतो. धडधाकट जाड केसावर त्याचे थर चढले की तो अनेकदा ताठ आणि कडकडीत लागतो. ती मात्र जेलला शिव्या देत होती आणि आणखी एक "रिपेअर" मास्क मागवायच्या बेतात होती. सेट बाजूला ठेवून मी तिला शाम्पू, प्रोटीन नसलेलं कंडिशनर आणि तेच जेल, एवढ्यावर आणलं. दोन-तीन धुण्यांत केस मऊ झाले. ज्या जेलला शिव्या खाव्या लागल्या ते आजही ती वापरते.

म्हणून माझा हट्ट : एक शाम्पू, एक कंडिशनर, एक जेल, एवढा पाया. त्यात एका वेळी एकच बदल. तो निदान चार धुण्यांपर्यंत टिकवायचा. पहिल्या धुण्यावर निकाल देऊ नका, त्या दिवशी जुन्या प्रॉडक्टचे थर, हवा, तुमचा हात, सगळंच मध्ये येतं. बाटलीवर मार्करने उघडल्याची तारीख टाका. छोटा पॅक मिळत असेल तर तोच घ्या. "माझ्याकडे इतका वेळ नाही" म्हणणाऱ्यांना मी आता समजावत नाही, त्यांच्याकडच्या बाटल्या मोजून दाखवते.

लीव्ह-इन आणि जेल वेगवेगळ्या ठिकाणचे असतील तर दोन्हींचा एकेक थेंब तळहातावर मिसळून बघा. पांढऱ्या गुठळ्या झाल्या तर केसातही होतील, आणि दुपारी खांद्यावर पडलेल्या त्या कणांना तुम्ही कोंडा समजाल.

ओले केस म्हणजे खरोखर ओले

केसातले काही बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. वाळताना केस ज्या आकारात असेल तो आकार पुढच्या धुण्यापर्यंत बराचसा राहतो. टॉवेलने खसाखसा पुसून, अर्धे वाळल्यावर जेल लावलं तर बटा सुटून फुगलेल्याच असतात. जेल त्यांना फुगलेल्या अवस्थेत पक्कं करतं. दाट केसांचे चार-सहा भाग करा, पाणी गळत असतानाच प्रत्येक भागाला जेल लावा, मुठीत धरून वर दाबा आणि मग सोडून द्या. पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर केस कडक लागतील, तो जेलचा साचा. पूर्ण सुकल्यावर हाताने चुरगळा, तो मोडतो आणि आतून मऊ बटा निघतात. कडक लागताच घाबरून पुन्हा धुणाऱ्या उतावळ्यांना मी काय सांगू!

उरलेल्या चुका, पटापट

तेलाने केसात पाणी येत नाही. खोबरेल तेल केसात मुरतं आणि धुण्याआधी लावलं तर प्रोटीनची झीज कमी करतं, ते तिथेच वापरा. धुतल्यावर कोरड्या केसांवर थापून ओलावा येणार नाही.

कोरडे केस विंचरू नका. कंडिशनर केसात असताना, मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर.

हवा दमट असताना ग्लिसरीन यादीत वर असलेलं जेल केस फुगवत असेल तर त्या काळापुरतं दुसरं वापरा. बाटली फेकू नका.

बेकिंग सोड्याने केस धुऊ नका. तो अल्कलीधर्मी आहे, केसावरचे खवले उघडतो आणि केस खरखरीत करतो.

पाणी जड असेल तर कुठलंच प्रॉडक्ट धड चालत नाही असं वाटतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसावर बसतं. ते काढणारा कीलेटिंग शाम्पू मिळतो, यादीत ईडीटीए वरच्या बाजूला असलेला बघा.

चिवट कोंडा, लाल टाळू, अचानक वाढलेली गळती या तक्रारी घेऊन प्रॉडक्टच्या दुकानात जाऊ नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

आणि कंटाळून केस सरळ करून घ्यायला निघालात तर बाटलीवर "फॉर्मल्डिहाइड नाही" (हे घातक रसायन) लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका. मेथिलीन ग्लायकॉल असं लिहिलेलं असेल तर ते पाण्यात विरघळलेलं फॉर्मल्डिहाइडच आहे आणि इस्त्रीच्या उष्णतेने त्याचा वायू बाहेर पडतो. डोळे चुरचुरायला लागले तर खुर्चीतून उठा, अर्धं डोकं राहिलं असलं तरी.