पात्राचं रूप रंगवताना या चुका टाळा

"सुलभा तिशीतली. उंची पाच फूट, रंग गव्हाळ, डोळे टपोरे, नाक चाफेकळी, केस कमरेपर्यंत." पान उलटलं की यातलं काय लक्षात राहतं? काहीच नाही. हरवलेल्या माणसाची जाहिरात अशी असते, पात्राची ओळख नव्हे.

अशी यादी झाली असेल तर तिच्यातली एकच गोष्ट ठेवा आणि तिला कामाला लावा. "वरच्या फळीवरचा डबा काढायला सुलभा टाचा उंचावून उभी राहिली. बोटं पोचेनात. तिने मुकाट्याने स्टूल ओढलं." उंची कळली, शिवाय ती कुणाला हाक मारत नाही हेही कळलं. फूट-इंच खोडून टाका.

आरशाचा प्रसंग तर नकोच. स्वतःचा चेहरा रोज बघणारा माणूस आपले डोळे घारे आहेत अशी नोंद घेत नाही. त्याला कालपर्यंत नसलेला पांढरा केस दिसतो. आरसा हवाच असेल तर पात्राला त्यात बघायचं कारण द्या: आज चेहऱ्यावरची पट्टी निघाली आहे, असं काहीतरी.

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक असते ती नजरेची. "माझे रेशमी केस वाऱ्यावर भुरभुरत होते" असं 'मी' स्वतःबद्दल कसा म्हणेल? हे वाक्य बाहेरून बघणाऱ्याचं आहे. वर्णन लिहिण्याआधी विचारा, इथे कोण बघतंय? शिंप्याला एक खांदा उतरलेला दिसेल. दाताच्या डॉक्टरला हसताना ओठांवर जाणारा हात दिसेल. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या आईला आधी गळ्याची हाडं दिसतील. माणूस तोच, पण प्रत्येक वर्णनात बघणाराही उघडा पडतो. लेखकाला हे दुहेरी काम फुकट मिळतं, ते सोडू नका.

पुरुष आला की हुद्दा आणि स्त्री आली की बांधा, ही सवयही तपासा. मसुद्यातल्या प्रत्येक पात्राच्या पहिल्या वाक्याखाली रेघ मारा, लगेच दिसेल.

कमलनयन, मोत्यासारखे दात यांवरून वाचकाची नजर घसरून जाते. ते काढाच.

दाढी, व्रण, लंगडणं यांवर पुढे काही अवलंबून असेल तर पहिल्याच प्रसंगात सांगा. चाळिसाव्या पानावर दाढी उगवली तर वाचकाने मनात तयार केलेला चेहरा मोडतो आणि तो परत जुळत नाही.

आणि वही ठेवा. दुसऱ्या प्रकरणात डाव्या भुवईवर असलेला व्रण नवव्यात उजवीकडे जातो, हे लिहिणाऱ्याला दिसत नाही, वाचकाला दिसतं. वहीत पात्राच्या नावापुढे खूण, बाजू आणि पान लिहा. काळही लिहा: डोक्यावरचे केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात, म्हणजे मुंडण केलेल्या पात्राचे केस खांद्यावर रुळायला दोन वर्षं तरी जायला हवीत.