जुन्या गाडीला अँटीरस्ट मारण्यापूर्वी या चुका टाळा

प्रीमियर पद्मिनी आणि अँबेसेडर या दोन्ही गाड्यांना स्वतंत्र चासी, म्हणजे बॉडीखालचा वेगळा लोखंडी सांगाडा, नाही. बॉडीचा पत्राच सगळा भार पेलतो आणि मागच्या कमानपाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) टोक ज्या ठिकाणी बसते, तेही त्याच पत्र्याचे दुमडून वेल्ड केलेले अंग असते. त्यामुळे खालचा गंज हा दिसण्यापुरता प्रश्न राहत नाही, तो गाडीच्या हाडांत शिरतो. अँबेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पद्मिनीचे त्याच्याही बरेच आधी, आणि नवा फ्लोअर कंपनीकडून मागवण्याचे दिवस कधीच सरले. म्हणूनच ‘कोणते कोटिंग सर्वांत चांगले’ हा प्रश्न उलट्या टोकाने विचारला जातो, असे मला वाटते. डबा निवडण्याआधी पत्रा कोणत्या अवस्थेत आहे, हे पाहायला हवे.

गंजावरच काळा थर चढवणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. डांबरी किंवा रबराइज्ड (रबर मिसळलेले) कोटिंग जाड, काळे आणि एकसारखे दिसते, त्यामुळे गाडी विकणाऱ्यालाही ते आवडते आणि घेणाऱ्यालाही. मात्र डांबरी थर वयानुसार कडक होतो, दगडांच्या माऱ्याने त्याला बारीक चिरा जातात आणि त्या चिरांतून आत ओढले गेलेले पाणी बाहेर येत नाही. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असल्याने तो थराला आतून उचलत राहतो. वरून मात्र सगळे काळेभोर आणि ठाकठीक दिसते. अशा थराखालचा पत्रा उघड्या पत्र्यापेक्षाही लवकर सडू शकतो, कारण उघडा पत्रा निदान वाळतो तरी.

गाडी जॅकवर आणि त्यानंतर स्टँडवर घेऊन स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअर, दाराखालची पट्टी आणि जॅक लावायच्या जागा टकटक वाजवून पाहाव्यात. धड पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला किंवा पुट्टी भरलेला बद्द आवाज देतो. शंका आली तर चुंबक लावावा. तो जिथे धरत नाही तिथे पत्रा नसून पुट्टी आहे. थर नखाने उचलून खाली तपकिरी भुकटी निघाली, तर नवे कोटिंग विसरून आधी जुने काढावे. ते कोरडे घासू नये, कारण काही जुन्या डांबरी कोटिंगमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू घातलेले असत. पेट्रोलच्या टाकीजवळ हीट गनही वापरू नये. वेल्डिंगचे काम असेल तर तेही कोटिंगच्या आधी उरकावे. डांबर आणि मेण दोन्ही पेट घेतात.

एकच माल सगळीकडे वापरणे

वॉशिंग सेंटरवर एकाच गनने सगळे पोट काळे केले जाते, तेथेच गफलत होते. चाकांच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला खडी आदळते, म्हणून तिथे इपॉक्सी प्रायमरवर, म्हणजे पत्र्याला घट्ट धरणाऱ्या पहिल्या थरावर, रबराइज्ड किंवा पॉलियुरेथेनचा चिवट थर योग्य ठरतो. दाराखालच्या पट्टीसारख्या बंद पोकळ्यांत असला थर निरुपयोगी असतो, कारण तो सांध्यांत झिरपत नाही. तिथे लांब नळीच्या नोझलने पातळ मेण सोडावे लागते. उरलेल्या फ्लोअरसाठी माझी पसंती मेणाच्या किंवा लॅनोलिनच्या, म्हणजे लोकरीतल्या चरबीच्या, अर्धपारदर्शक थराला आहे. तो मऊ राहतो, त्यावर धूळ बसते, पावसाने काही भाग धुपतो आणि दरवर्षी पुन्हा मारावा लागतो, पण त्याखाली काय चालले आहे ते दिसते.

जळके ऑइल मारण्याची जुनी रीत मात्र सोडावी. ते सांध्यांतले रबरी बुश फुगवते, ब्रेकच्या भागांवर उडते, पहिल्या पावसात वाहून जमीन नासवते आणि पुढे खरे कोटिंग करायचे ठरवले तर त्याच्यावर काहीही धरत नाही.

धुतल्या दिवशीच कोटिंग मारणे

परदेशातील बराचसा सल्ला हिवाळ्यात रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठाचा विचार करून दिलेला असतो. आपल्याकडे मीठ येते ते किनारपट्टीच्या हवेतून, आणि जोडीला चार महिन्यांचा चिखल. म्हणून हे काम मार्च ते मे या काळात करावे. प्रेशरने धुतल्यावर सांध्यांत शिरलेले पाणी एका दुपारी सुकत नाही. गाडी दोन-तीन दिवस उन्हात ठेवावी. इपॉक्सी प्रायमर मारताना पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन पत्र्यावर बसते त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त हवे, अन्यथा डोळ्यांना न दिसणाऱ्या ओलाव्यावर रंग बसतो आणि महिनाभरात फोड येतात. जूनच्या पहिल्या सरीनंतर घाईघाईने लागलेल्या रांगेत उभे राहण्यापेक्षा ते वर्ष गाडी नुसती धुऊन-वाळवून काढलेले बरे.

काय झाकू नये

दाराच्या खालच्या कडेला आणि पट्टीला निचऱ्याची लहान भोके असतात. गन फिरवणारा ती हमखास बुजवतो, म्हणून आधी त्यांत काडी खोचून ठेवावी व नंतर काढावी. सायलेन्सर, ब्रेक ड्रम, ब्रेकचे होज, हँडब्रेकची केबल आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा) कागद-टेपने झाकून घ्यावेत. चासी नंबर ठोकलेली जागाही उघडी ठेवावी. ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करण्याची सोय २०२१ पासून आहे, आणि तपासणीच्या वेळी तो नंबर खरवडून काढत बसणे शोभत नाही.

नंतर त्रास झाला तर

वेग वाढल्यावर नवीनच थरथर जाणवू लागली, तर प्रोपेलर शाफ्टवर एका बाजूला थर चढला आहे का ते पाहावे. चालवताना करपट वास बराच काळ येत राहिला तर सायलेन्सरवर उडालेला माल घासून काढावा. दार लावताना आत पाणी डुचमळल्यासारखे वाजले तर भोके मोकळी करावीत. थर पापुद्र्यासारखा सलग निघत असेल, तर खाली तेल किंवा धूळ राहिली होती. तेवढ्या भागावर वरून हात न मारता तो पत्र्यापर्यंत साफ करून प्रायमरपासून पुन्हा सुरुवात करावी.