‘हर्बल’ लिहिलंय म्हणून वजन घटवायची गोळी मागवू नका

ऑनलाइन मागवलेल्या ‘शंभर टक्के हर्बल’ गोळीने भूक मेली, छाती धडधडू लागली, झोप उडाली, तर ती तिथेच थांबवा आणि डबा घेऊन डॉक्टरांकडे जा. अशा गोळ्यांत सिब्युट्रामिन लपवलेलं अनेकदा सापडलंय. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०१० साली अमेरिका-युरोपच्या बाजारातून काढलेलं हे औषध. डब्यावर त्याचं नाव शोधून सापडणार नाही! काहींत सोनामुखी असते. जुलाब होऊन काटा खाली येतो खरा, पण जातं ते पाणी, चरबी नाही. घटक किती मिलिग्रॅम आहेत हे न सांगता नुसतं ‘खास मिश्रण’ लिहिलं असेल, तर मागवूच नका. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.