ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींवर स्क्रॅच ॲसे लावताय? आधी हे वाचा

एमएस्सीच्या डिसर्टेशनला ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा जीवघेणा कॅन्सर) आणि एखादं प्रोटीन असा विषय मिळाला की सर पहिला स्क्रॅच ॲसेच लावायला सांगतात. पेशींच्या थरावर ओरखडा मारायचा आणि किती भरला ते मोजायचं, बस. पण ओरखडा भरला म्हणजे पेशी सरकल्याच असं नाही, नुसत्या वाढूनही भरतो, आणि व्हायवाला एक्स्टर्नल नेमकं तिथेच पकडतो.

हा ट्यूमर मेंदूच्या बाहेर क्वचितच जातो पण आतल्या आत रक्तवाहिन्यांच्या कडेने, व्हाइट मॅटरच्या तंतूंवरून लांब पसरतो. सर्जन वॉल्टर डँडीने 1928 मध्ये मेंदूचा अख्खा उजवा अर्धगोल काढण्याची ऑपरेशन्स छापली, तरी ट्यूमर परत आलेच. पेशी सरकताना इंटेग्रिन (पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रोटीन) बाहेरची पकड घेतं, आत एफएके हे एन्झाइम सिग्नल देतं, ॲक्टिन पुढची कड ढकलतं, मायोसिन मागचा भाग ओढून घेतं आणि एमएमपी-2, एमएमपी-9 ही एन्झाइम्स वाटेतलं मॅट्रिक्स (पेशींभोवतीचं जाळं) कापतात. तुमचं प्रोटीन यात कुठे बसतं ते आधी वहीत लिहा.

आता काम. सहा वेलच्या प्लेटमध्ये यू251 (ग्लायोब्लास्टोमाची सेल लाइन) लावा, यू87 ही दुसरी लाइन पण चालते पण 2016 मध्ये तिचा डीएनए मूळ पेशंटच्या ट्यूमरशी जुळला नव्हता, त्यामुळे एसटीआर रिपोर्ट (पेशींची डीएनए ओळख) मागून घ्या. एसआयआरएनएने (ठराविक प्रोटीन बनणं रोखणारा आरएनएचा छोटा तुकडा) प्रोटीन कमी करा, बाजूला स्क्रॅम्बल्ड कंट्रोल (कुठल्याच प्रोटीनला न लागणारा तुकडा) हवाच, आणि एका वेलचा वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन किती आहे ते दाखवणारी चाचणी) करून ते खरंच कमी झालंय का बघा, नाहीतर पुढचं सगळं फुकट.

थर पूर्ण भरला की ओरखड्याआधी दोन तास मायटोमायसिन-सी, म्हणजे पेशी विभागणार नाहीत (विषारी आहे, ग्लोव्ह्ज घाला). मग पिवळी टिप सरळ उभी धरून एकाच झटक्यात रेघ. जोर लावू नका, प्लास्टिकवर चरा पडला तर पेशी तिथेच अडखळतात. पीबीएस (पेशी धुवायचं मिठाचं बफर) वेलच्या भिंतीवरून हळू सोडून दोनदा धुवा, थेट मधे ओतलं तर कडेचा थर सोलून येतो. मीडियात सीरम 1 टक्का. प्लेटखाली मार्करने खूण करा म्हणजे दर वेळी तीच जागा दिसेल. फोटो 0, 12 आणि 24 तासांना.

सकाळी नऊला ओरखडा मारा, रात्री नऊला दुसरा फोटो, घरी जायला लोकल मिळते. शनिवारी सुरू करू नका, रविवारी मेगाब्लॉक आणि तुम्ही दादरला अडकलेले. पावसाळ्यात ओली बॅग कल्चर रूमबाहेरच, बुरशी लागली तर सगळ्यांच्याच प्लेट जातात.

इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये फोटोतली मोकळी जागा मोजा: सुरुवातीच्या जागेतून नंतरची वजा, भागिले सुरुवातीची, गुणिले 100. सोबत 24 तासांना पेशींची मोजणीही करा, नॉकडाउनमध्ये (प्रोटीन कमी केलेल्या वेलमध्ये) पेशी मेल्याच असतील तर ओरखडा न भरण्याला काही अर्थ नाही.

प्रोटीन एमएमपीवाल्या बाजूचं असेल तर मात्र यावर थांबू नका, उघड्या प्लास्टिकवर कापायला काहीच नसतं. तिथे 8 मायक्रॉनच्या छिद्रांचा ट्रान्सवेल (तळाला सच्छिद्र पडदा असलेला कप) आणि वर मॅट्रिजेल (मॅट्रिक्ससारखं जेल). मॅट्रिजेल आदल्या रात्री फ्रिजमध्ये वितळायला ठेवा, टिप्स पण थंड करा, आपल्याकडच्या उकाड्यात बर्फाबाहेर राहिलं की टिपमध्येच घट्ट होतं.