हॉटेलची मॅनेजरकी सोडताना: आधी हिशेब, मग निरोप

मॅनेजर गेल्यावर पहिल्या महिन्यात हॉटेलात जे काही कमी पडतं, ते त्याच्या नावावर खपवलं जातं. व्हिस्कीच्या दोन बाटल्या, पनीरवाल्याची जुनी बाकी, एखाद्या वेटरची उचल. ‘गोड बोला, पेढे वाटा, सगळ्यांचे आभार माना’ हा सल्ला इथे कुचकामी आहे. हिशेब सहीनिशी मिटला असेल तरच सहा महिन्यांनी कुणी चौकशी केली तर मालक तुमच्याबद्दल बरं बोलतो.

वेळ. नोटिशीची मुदत नेमणूकपत्रात बघा, बहुधा 30 किंवा 60 दिवस असते. मांसाहारी हॉटेल किंवा बार असेल तर शेवटचा दिवस श्रावणात येईल असं बघा. गटारी उरकलेली असते आणि गर्दी ओसरलेली असते. शुद्ध शाकाहारी, थाळीच्या हॉटेलात मात्र श्रावण म्हणजे ऐन हंगाम, तिथे हे गणित उलटं होतं. दिवाळी आणि 31 डिसेंबरच्या तोंडावर कुठेच सोडू नका. मालकाशी सोमवारी किंवा मंगळवारी, दुपारी साडेतीन ते पाचच्या मध्ये, समोर बसून बोला आणि त्याच दिवशी ईमेल करा. स्टाफला त्यानंतरच कळू द्या.

पगार वाढवतो, थांब, असं मालक म्हणेल. चौदा तासांची ड्युटी आणि न मिळणारी सुट्टी हे कारण असेल तर पगारवाढीने ते सुटत नाही. नम्रपणे नाही म्हणा आणि तारीख बदलू नका.

मोजणी. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, कारण ती शेवटच्या रात्री, ड्युटी संपल्यावर, घाईत उरकली जाते. मोजणी शेवटच्या दिवसाच्या तीन दिवस आधी, सकाळी, पहिला माल उतरायच्या आत करा. तिघं हवेत: तुम्ही, तुमच्या जागी येणारा आणि मालकाचा माणूस. मोजायचं नव्या माणसाने, लिहायचं तुम्ही. उलट केलं तर पुढे ‘मला दाखवलंच नाही’ म्हणायला जागा राहते.

बारमध्ये बंद बाटल्या सोप्या. वाद होतो उघड्यांवर, कारण डोळ्यांनी अंदाज घेतला की प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो. वजनकाटा घ्या. 42.8 टक्के अल्कोहोल असलेल्या मद्याचा 30 मिलीचा पेग साधारण 28 ग्रॅम भरतो. उघडी बाटली 900 ग्रॅम आणि त्याच ब्रँडची, त्याच आकाराची रिकामी 480 ग्रॅम असेल, तर आत 420 ग्रॅम, म्हणजे 15 पेग. गोड लिकर जड असतं, तिथे हा हिशेब लावू नका, मापाने मोजा. रजिस्टर, सॉफ्टवेअर आणि फळी, तिन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी लिहा.

तूट निघणार हे माहीत असेल तर मोजणीआधी स्वतः मालकाला सांगा. शेजारच्या बारमधून बाटली उसनी आणून भरू नका. ती ना तुमच्या रजिस्टरमध्ये असते ना तुमच्या परवान्यावर, आणि एका तुटीच्या जागी दोन भानगडी होतात.

स्टोअरमध्ये डीप फ्रीजर तळापर्यंत रिकामा करून बघा. 19 किलोचे सिलिंडर भरलेले किती, रिकामे किती, हे वेगळं लिहा. सोड्याचे क्रेट आणि दूधवाल्याचे कॅन विसरले जातात, आणि त्यांची अनामत असते.

प्रत्येक पानावर तिघांच्या सह्या झाल्या की त्याच मिनिटाला चाव्या नव्या माणसाकडे द्या. उरलेले तीन दिवस चावीशिवाय काम करा. चावी खिशात राहिली तर मोजणीला काही अर्थ उरत नाही.

तोंडी व्यवहार. हे कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नसतात, म्हणून एक वही करा. उचल: नाव, रक्कम, तारीख, दरमहा किती कापायचे, आणि त्या माणसाची सही. पार्ट्या: तारीख, माणसं, घेतलेला ॲडव्हान्स आणि तुम्ही कबूल केलेली सूट. पुरवठादार: प्रत्येकाकडून ‘अमुक तारखेअखेर बाकी इतकी’ असा मेसेज मालकाच्या नंबरवर पाठवायला लावा. गल्ला नोटा मोजून द्या.

नाव आणि नंबर. अन्न परवान्यावर कंपनीतर्फे जबाबदार व्यक्ती म्हणून फॉर्म 9 मध्ये तुमचं नाव असेल तर ते जाण्याआधी बदलून घ्या. तसंच राहिलं तर तुम्ही गेल्यानंतरच्या भेसळीची नोटीसही तुमच्या नावाने निघू शकते. दारू परवान्याच्या नोकरनाम्यावर, म्हणजे परवानाधारकाच्या नोकरांच्या नोंदीवर, नाव असेल तर तेही काढायला लावा. झोमॅटो, स्विगीच्या खात्यांना तुमचा मोबाइल जोडलेला असतो; तो बदला, नाहीतर रात्री अकराला ओटीपीसाठी फोन येत राहतील. गूगलवरच्या हॉटेलच्या प्रोफाइलची मुख्य मालकी नव्याने जोडलेल्या माणसाला सात दिवस देता येत नाही, म्हणून हे दहा दिवस आधी सुरू करा.

जाताना आपला शेफ किंवा कॅप्टन (वेटरांचा प्रमुख) सोबत नेऊ नका. मालक बाकी सगळं विसरतो, हे विसरत नाही.

स्वतःचं येणं. सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी लागते, ढोबळ हिशेब असा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून येणारी रक्कम गुणिले 15, गुणिले वर्षं, भागिले 26. अर्ज लेखीच द्या. अनुभवपत्रावर पद आणि दोन्ही तारखा तपासा. पीएफच्या खात्यावर मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर तुम्हाला स्वतः भरता येते. पैसे काढू नका, नव्या खात्यात वळवा.

गेल्यावर पंधरा दिवस, दुपारी तीन ते पाच, नव्या मॅनेजरचे फोन घ्या. ही वेळ त्याला आधीच सांगून ठेवा.