संस्थांनी एकत्र काम करताना या चुका टाळा

“आपण घरचेच, कागद कशाला?” सामाजिक संस्थांच्या बैठकीत हे वाक्य कानावर पडलं की मी आधी वही उघडते. भागीदारीतली बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर शिरोळ तालुक्यातल्या एका गावात आम्ही तीन संस्था मदतीला उतरलो. सगळे एकमेकांच्या ओळखीचे, त्यामुळे कुठली गल्ली कुणाकडे हे चहा पिता पिता तोंडीच ठरलं. प्रत्येकीने सर्व्हे मात्र आपला आपला केला. आठवड्याने मी मुख्य रस्त्यावरच्या एका घरात गेले, तर सोप्यात तीन बादल्या एकात एक घातलेल्या आणि तीन चटया प्लास्टिकसकट भिंतीला उभ्या. नदीकडच्या वस्तीत भिंती पडल्या होत्या. तिथल्या आजींनी विचारलं, “ताई, आमचं नाव कुणाच्याच यादीत न्हाई व्हय?”

नव्हतंच. सर्व्हेच्या दिवशी ती वस्ती छावणीत होती, घरांना कुलपं होती आणि ती दुसऱ्या संस्थेकडे आहे असं आम्ही तिघींनी धरून चाललो होतो. त्या आजींना काय उत्तर द्यावं ते मला आजही सुचत नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. गावाची यादी एकच, तीही ग्रामपंचायतीच्या घर क्रमांकानुसार, शेजारी रेशन कार्डाचा नंबर. सुरुवात चौकातून करायची नाही, गावाच्या टोकाकडून आत यायचं. कुलूप असलेलं घरही लिहायचं आणि पुन्हा कधी जायचं ती तारीख समोर टाकायची. रजिस्टर एकाच माणसाकडे, रोज संध्याकाळी तिन्ही संस्थांच्या सह्या. नवीन मुलं म्हणतात, मोबाईलवर फॉर्म भरला की झालं. भरा की, पण आधी गाव पायी फिरा.

दुसरी चूक पैशांची. एका संस्थेला निधी मिळतो आणि ती लहान संस्थेला सांगते, “तुमचा वाटा खात्यावर टाकतो.” पैसा परदेशी देणगीचा असेल तर हे करताच येत नाही. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा. त्यातल्या सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर हा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी आहे, समोरच्या संस्थेकडे स्वतःची एफसीआरए नोंदणी असली तरीही. देशातल्या पैशांचंही गणित बदललं. २०२३ च्या अर्थसंकल्पानंतर एका धर्मादाय संस्थेने दुसरीला दिलेल्या देणगीपैकी ८५ टक्केच रक्कम आयकरासाठी देणाऱ्या संस्थेचा कामावरचा खर्च म्हणून धरली जाते. सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतलं काम घ्यायचं, तर संस्थेची सरकारकडे सीएसआर-१ या फॉर्मवरची नोंदणी एप्रिल २०२१ पासून लागते. म्हणून प्रस्तावावर सही करण्याआधी दोन्ही संस्थांच्या सीएंना एका टेबलावर बसवा. त्यात एक दुपार जाईल, पण ऑडिटच्या वेळचा मनस्ताप वाचेल.

बजेटमध्ये लहान संस्थेचा प्रवासखर्च, कार्यकर्त्याचं मानधन आणि हिशेबनिसाचा खर्च दिसलाच पाहिजे. मोठ्या संस्थेच्या समन्वयकाला पगार आणि गावातल्या ताईला फक्त ‘सहभाग’, याला मी भागीदारी म्हणत नाही. मला याचा राग येतो आणि तो मी बैठकीत बोलून दाखवते.

बाकीच्या चुका थोडक्यात.

पहिल्याच बैठकीत नेटवर्कचं नाव आणि लोगो ठरवू नका. आधी सहा महिने एक लहान काम एकत्र करून बघा.

दर बैठकीला नवा प्रतिनिधी पाठवू नका. निर्णय घेऊ शकेल असा एकच माणूस ठरवा.

व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. इतिवृत्त लिहा, पुढच्या बैठकीत वाचून कायम करा.

बॅनरवर आपलं नाव मोठं करून घेऊ नका.

मतभेद झाला तर थेट देणगीदाराला फोन करू नका. आधी समोरच्या संस्थेच्या कार्यालयात जाऊन बसा.

आणि काम संपल्यावर उरलेलं सामान, यादी, फोटो कुणाकडे राहणार तेही करारातच लिहा. आम्ही तिघींनी वर्गणी काढून जनरेटर घेतला होता. दुरुस्ती कुणी करायची हे कुठेच लिहिलं नव्हतं, म्हणून २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आलं तेव्हा तो एका कार्यकर्त्याच्या गोठ्यात बंद पडलेला होता.