रविवारी काटोल रोड, निघायच्या आधी एवढं बघून घ्या

राजेहो, रविवारच्या सायकल राईडसाठी पहाटे पावणेसहाला नागपुरात काटोल नाक्यावर जमायचं, तिथून फेटरीवरून कळमेश्वर आणि परत. हवा, ब्रेक, चेन शनिवारी रात्रीच बघून घ्या, आणि ट्यूब आपापल्या साईजची आणा, दुसऱ्याच्या भरवशावर नका राहू. थंडीत पावणेसातपर्यंत नीट उजाडत नाही त्यामुळे मागचा लाल लाईट चार्ज पाहिजेच, पण ग्रुपमध्ये ब्लिंकवर नको, मागच्याचे डोळे दुखतात. पुढचा लाईट रस्त्याकडे झुकवा, समोरून येणाऱ्या दूधवाल्याला नाहीतर काहीच दिसत नाही बिचाऱ्याला. घंटी लावा. हो, कार्बन फ्रेमवाल्यांनी पण लावा, तेवढ्या वजनाने स्पीड कमी होत नाही.

आता खरी गोष्ट. १८ जण येऊन राहिले. एक सायकल पावणेदोन मीटर, मधे मीटरभर जागा, म्हणजे सगळे एका लायनीत निघालो की जवळपास ५० मीटरची आगगाडी झाली! आपण २५ च्या स्पीडने, मागचा ट्रक ६० ने, त्याला आपल्याला ओलांडायला पाच-सहा सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो ८०-१०० मीटर पुढे जातो, समोरून काही आलं तर तो आपल्याच अंगावर दाबणार, दुसरीकडे जाणार कुठे? म्हणून सहा-सहाचे तीन गट, आणि दोन गटांत ट्रक आरामात आत घुसेल एवढी, शंभरेक मीटर जागा सोडायची. कोण कुठल्या गटात हे शनिवारी रात्रीच ठरवा, नाक्यावर अंधारात वाद नको.

रस्ता रुंद आणि मोकळा असेल तर दोघं-दोघं चाला, लाईन अर्धी होते, पण अरुंद पट्ट्यात किंवा मागून "गाडी आली" अशी हाक आली की लगेच एकामागे एक. ही हाक शेवटच्याने द्यायची आणि प्रत्येकाने पुढे पोचवायची, म्हणून इअरफोन घरीच ठेवा. खड्डा दिसला तर हाताने दाखवा, उगाच झटक्यात वळू नका. सिग्नलला गट तुटला तर तुटू द्या, पुढच्यांनी चौक पार करून कडेला थांबायचं, मागच्यांनी लाल सिग्नल तोडून गाठायचं नाही. मागच्या वेळी मीच तोडला होता, एका ऑटोवाल्या काकांनी जे सुनावलं ते इथे लिहिता येत नाही, आणि बरोबरच होतं त्यांचं.

गोरेवाड्याकडे मॉर्निंग वॉकवाले असतात, त्यांच्या मागे जाऊन एकदम घंटी ठोकू नका, लांबूनच हळू वाजवा आणि स्पीड कमी करा. कुत्री मागे लागली तर ओरडून अख्खा गट इकडे-तिकडे करू नका, सरळ चालवत राहा. संत्र्याच्या गाड्या येत असतात, त्यांच्या डाव्या बाजूने घुसायचं नाही, ड्रायव्हरला तिथे आपण दिसतच नाही. मागे दोन-तीन गाड्या अडकलेल्या दिसल्या की गट बाजूला घेऊन जाऊ द्या त्यांना, अर्धा मिनिट जातो फार तर.

पंक्चर झालं की आधी डांबर सोडायचं, मग चाक काढायचं. सेल्फीला पण तेच. दोन बाटल्या पाणी, हेल्मेट, सुट्टे पैसे. परतताना तर्री पोह्याच्या ठेल्यावर सायकली गिऱ्हाइकांच्या वाटेत आडव्या लावू नका, मागच्या भिंतीला लावा, नाहीतर भाऊ पुढच्या वेळी तर्री कमी घालते.